बोटीआधी काठ

फ्रान्समधल्या नदीसफरीची कोणतीही जाहिरात घ्या, चित्र ठरलेले असते. संथ पाणी, लांबट बोट, दुतर्फा झाडे आणि काठाने रमतगमत चाललेले सायकलस्वार. या चित्रातली एकही गोष्ट मुळात पर्यटकांसाठी केलेली नाही. ते पाणी धान्य, दारू आणि कोळसा वाहून नेण्यासाठी अडवले गेले. ती वाट बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी राखली गेली. पुढे बराचसा माल रेल्वेने पळवला, उरलेला ट्रकने नेला. पाणी आणि वाट मात्र सरकारने सांभाळून ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे सुट्टी घालवणारी माणसे येऊ लागली.

हा विषय आज काढण्याचे निमित्त गोदावरी. २०२७ च्या सिंहस्थामुळे ती रोज बातम्यांत आहे. पण बातम्यांतली गोदावरी नाशिकला सुरू होते आणि नाशिकलाच संपते. प्रत्यक्षातली गोदावरी पैठण ओलांडून जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. डाव्या काठावर अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके, उजव्या काठावर मुख्यतः बीड जिल्हा. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने नाशिक ते भद्राचलम हा गोदावरीचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ ला जोडला गेला. म्हणजे जालना जिल्ह्यातल्या शहागडच्या पुलाखालचे पात्र कागदोपत्री राष्ट्रीय जलमार्ग ठरते. बंधाऱ्यांतले पाणी आटले की या जलमार्गातून शेळ्या कोरड्या पायांनी पलीकडे जातात.

जलमार्ग म्हटले की सरकारी डोळ्यांसमोर बोट येते. फ्रान्सचा अनुभव मात्र वेगळेच सांगतो, आणि जालन्याच्या उपयोगाचे ते तेवढेच आहे.

पाण्याच्या पायऱ्या

नदीवर बंधारा घातला की मागे पाणी तुंबते आणि खोली मिळते. पण त्या बंधाऱ्याने बोटीची वाटही अडते. यावरचा उपाय म्हणजे जलपाश, बोलीभाषेत लॉक. बंधाऱ्याच्या एका अंगाला दगडी हौद बांधलेला असतो आणि त्याला दोन्ही टोकांना दरवाजे असतात. वरून येणारी बोट हौदात शिरते आणि मागचा दरवाजा बंद होतो. मग पुढच्या दरवाज्यातल्या झडपा हळूहळू उघडतात, हौदातले पाणी खाली निघून जाते आणि बोट पाण्याबरोबर उतरते. पातळी खालच्या नदीएवढी झाली की पुढचा दरवाजा उघडतो. यात पंप नाही, इंजिन नाही, सगळे काम पाण्याच्या वजनावर चालते.

हौदात शिरल्यावर बोटीवरच्या माणसाला एकच गोष्ट पाळावी लागते. काठावरच्या लोखंडी खुंटाला दोराचा एक वेढा द्यायचा आणि टोक हातात धरून ठेवायचे. गाठ मारायची नाही. पाणी उतरत असताना दोर गाठीने अडकला, तर बोट भिंतीला लटकते. भाड्याची बोट घेणाऱ्या पाहुण्यांना निघण्यापूर्वी हे आवर्जून शिकवले जाते, कारण अशी बोट चालवायला वेगळा परवाना लागत नाही. थोडक्या वेळाचे शिक्षण मिळते, सराव करून घेतला जातो आणि बोट ताब्यात येते. कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी सहा ते आठ किलोमीटर. सायकलवाला सहज पुढे निघून जातो. म्हणूनच तिथे बोट आणि सायकल यांची जोडी जमली. दिवसा काठाने सायकल चालवायची, वाटेत गावात थांबायचे, जेवायचे आणि संध्याकाळी पुढच्या जलपाशापाशी बोटीवर मुक्कामाला जायचे.

या साऱ्याचा कळस म्हणजे दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यू मिदी. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत हा कालवा २४० किलोमीटर जातो. पिएर-पॉल रिके या करवसुली करणाऱ्या माणसाने १६६६ मध्ये तो मंजूर करून घेतला, त्यात स्वतःचा पैसाही ओतला. १६८१ मध्ये कालवा खुला झाला, तो पाहायला रिके नव्हता. काही महिने आधीच तो वारला होता. खरी अडचण खोदाईची नव्हती, पाण्याची होती. कालव्याचा सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर आहे, आणि तिथून बोट दोन्ही बाजूंना उतरायची तर प्रत्येक वेळी पाणी खर्च होते. रिकेने मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे चरांनी गोळा केले, सॅं-फेरेऑल येथे धरण बांधले आणि ते पाणी नेमके त्या माथ्यावर आणून सोडले. बेझिए शहराजवळ फोंसेरान येथे हौदामागून हौद रचून केलेला जलपाशांचा उतार आजही चालू आहे. १९९६ मध्ये युनेस्कोने हा कालवा जागतिक वारसा ठरवला. काठावर प्लेन जातीची सुमारे ४२ हजार झाडे होती. २००६ मध्ये त्यांना बुरशीचा रोग लागल्याचे दिसले आणि त्यापायी हजारो झाडे तोडावी लागली. जुनी सावली परत आणायला नवी रोपे लावण्याचे काम सुरू आहे.

चोवीस फुटांचा कायदा

फ्रान्सचे खरे भांडवल बोट नाही आणि जलपाशही नाही. ते आहे एक जुना, रुक्ष कायदा. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात, १६६९ च्या फर्मानाने असे ठरले की, नौकानयन चालणाऱ्या नदीच्या काठी ज्याची जमीन असेल त्याने बोट ओढणाऱ्या जनावरांसाठी चोवीस फूट रुंद पट्टा मोकळा सोडायचा. समोरच्या काठावर दहा फूट सोडायचे. जमीन मालकाचीच राहते, पण तिच्यावर झाड, कुंपण किंवा बांधकाम करता येत नाही. घोडे गेले, राजा गेला, राज्यक्रांती झाली, तरी हा नियम टिकला. आजच्या फ्रेंच कायद्यातही ७.८० मीटर आणि ३.२५ मीटर हे आकडे तसेच आहेत, म्हणजे जुन्या फ्रेंच मापाचे तेच चोवीस आणि दहा फूट.

सायकलमार्गासाठी भूसंपादनाचा घोळ फ्रान्सला फारसा घालावा लागला नाही, तो यामुळे. वाट आधीच होती, फक्त सपाट करायची होती. १८७९ मध्ये मंत्री फ्रेसिने याने मुख्य कालव्यांच्या जलपाशांचे माप एकसारखे ठरवून दिले. १९९१ मध्ये जलमार्ग सांभाळणारी एक स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली आणि सुमारे ६,७०० किलोमीटर जलमार्ग तिच्याकडे आले. दार बिघडले, झाड पडले, काठ खचला, तर कोणाला विचारायचे हे नक्की झाले. पर्यटन यानंतर आले. आपल्याकडे उद्घाटन आधी होते, विचारायचे कोणाला हा प्रश्न नंतर पडतो.

गोदावरीची खरी बहीण

कनाल द्यू मिदीची छायाचित्रे कितीही देखणी असली, तरी गोदावरीशी तुलना करायची तर ती ल्वार नदीशी करायला हवी. ही फ्रान्सची सर्वांत लांब नदी, हजार किलोमीटरच्या आसपास. गोदावरी १,४६५ किलोमीटर. ल्वारचेही पात्र रुंद आणि वाळूचे आहे. उन्हाळ्यात पाण्याची धार बारीक होते, वाळूची बेटे वर येतात. पावसाळी पुरात मात्र ती आवरत नाही. १८४६, १८५६ आणि १८६६ असे तीन महापूर तिने वीस वर्षांत दाखवले. जालन्याच्या गोदाकाठाला हे नवे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणातून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटले, तेव्हा काठच्या गावांनी तेच अनुभवले.

ल्वारवर शतकानुशतके सपाट तळाच्या शिडाच्या बोटी चालत. पुढे वाफेच्या बोटी आल्या, आणि १८४६ मध्ये ओर्लेआं ते तूर रेल्वे आल्यावर काही वर्षांतच ही सारी वाहतूक आटोपली. फ्रेंचांनी या नदीत पुन्हा बोटी रेटण्याचा हट्ट धरला नाही. पूर अडवण्यासाठी मध्ययुगापासून बांधत आणलेले मातीचे बांध त्यांनी सायकलसाठी वापरले. १९९० च्या दशकात ठरवलेला ल्वार सायकलमार्ग टप्प्याटप्प्याने झाला, आज तो सुमारे ९०० किलोमीटर आहे आणि अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय सायकलमार्गाचा भाग आहे. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुक्कामाच्या जागांना एक ठरावीक चिन्ह मिळते. अट साधी: सायकल ठेवायला कुलूपबंद जागा आणि पंक्चर काढायची हत्यारे हवीत. बोट नसलेल्या नदीचे पर्यटन असे उभे राहिले.

ल्वारची दुसरी गोष्ट जालन्याने तर पाठच करायला हवी. ९ एप्रिल १९७८ रोजी तूर शहरातला अठराव्या शतकातला दगडी पूल कोसळला. पुलावरून जाणारी जलवाहिनी तुटली आणि शहराचे पाणी बंद झाले. कारणांच्या मुळाशी वाळू होती. बांधकामासाठी पात्रातून वर्षानुवर्षे बेसुमार वाळू उपसल्याने नदीचा तळ खाली गेला, पुलाच्या पायातले लाकडी खांब उघडे पडले आणि कमकुवत झाले. १९९० च्या दशकात फ्रान्सने नद्यांच्या मुख्य पात्रातून वाळू काढायला बंदी घातली.

जालन्याचे पात्र

गोदावरीवर जलमार्ग करण्याचा विचार २०१६ चा नाही. सर आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पूर्ण केल्यावर इंग्रजांनी वरच्या गोदावरीत बोटी आणण्याची योजना आखली. हेतू वऱ्हाड-नागपूरचा कापूस समुद्राकडे नेण्याचा. दुम्मागुडेम येथे बंधारा, कालवा आणि जलपाशही बांधले गेले. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये योजना गुंडाळली गेली. ती जालन्याच्या पात्रापर्यंत कधी आलीच नाही.

पात्राचे महत्त्व जालन्याच्या बाजूला त्याहून जुने आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी समोरच्या काठावर राक्षसभुवन येथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामअली नदी उतरून पलीकडे गेला होता, मागे राहिलेली फौज आणि दिवाण विठ्ठल सुंदर यांना भरलेली गोदावरी पार करता आली नाही. दिवाण तिथेच मारला गेला. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. वर पैठण तालुक्यात नदीकाठीच ज्ञानेश्वरांचे आपेगाव आणि पैठणला एकनाथांची समाधी. काठाने जाणाऱ्याला थांबायला ठिकाणे कमी नाहीत.

आज पैठणच्या खाली गोदावरी ही बंधाऱ्यांची साखळी झाली आहे. आपेगाव आणि हिरडपुरीनंतर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणीसावंगी आणि पुढे ढालेगाव. पावसाळा सरताना दरवाजे टाकले की बंधाऱ्यामागे कित्येक किलोमीटर पाणी उभे राहते. हिवाळ्यात हे दृश्य फ्रान्सच्या कोणत्याही नदीला लाजवील असे असते. फ्रेंचांनीही १८३४ पासून लाकडी सुयांचे बंधारे वापरले. उभ्या फळ्या एकामागून एक लावायच्या आणि पुराआधी हाताने काढून घ्यायच्या. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे टाकणाऱ्या-काढणाऱ्यांना ही रीत समजावून सांगायला नको. फरक इतकाच की तिकडे बंधाऱ्याशेजारी जलपाश बांधला गेला. इकडच्या बंधाऱ्यांत जलपाश नाही, कारण ते शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. त्यामुळे जोगलादेवीच्या पाण्यातली बोट मंगरुळात उतरू शकत नाही. राष्ट्रीय जलमार्गाचा हा भाग म्हणजे एकमेकांना न जोडलेले तलाव आहेत, आणि तेही फेब्रुवारी-मार्चपर्यंतचे.

जलपाश बांधावेत का? प्रत्येक वेळी बोट उतरवताना हौदभर पाणी खाली सोडावे लागते. समन्यायी पाणीवाटपासाठी नाशिक-नगरच्या धरणांशी भांडावे लागणाऱ्या आणि दुष्काळात मृतसाठ्यावर दिवस काढणाऱ्या खोऱ्यात हा खर्च परवडणारा नाही. सुरक्षेचा हिशेब वेगळाच. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण दगावले. गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलवर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये देशभर गाजली आणि उच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली. जिथे शाळेची होडी धड नाही, तिथे सहलीच्या बोटीची घाई कशासाठी?

२०८ किलोमीटरचा तयार मार्ग

सायकलचे गणित मात्र जुळते, आणि ते नदीपेक्षा कालव्यावर जास्त जुळते. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. कनाल द्यू मिदी २४०. पैठणहून निघून हा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणी जिल्ह्यात जातो. वडीगोद्री परिसरात तो धुळे-सोलापूर महामार्ग ओलांडतो. अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे २०२३ पासून या भागाचा नकाशा महाराष्ट्राला तोंडपाठ झाला, पण त्यातला कालवा कोणी पाहिला नाही.

या कालव्यात बोट चालणार नाही, हे आधी स्पष्ट असावे. नौकानयनाच्या कालव्यात पाणी पायरीपायरीने थांबलेले असते. सिंचनाच्या कालव्याला सतत उतार लागतो, वाटेत प्रपात आणि नळमोऱ्या असतात, आणि पाणी पाळीपुरतेच येते. पाळी संपली की कालवा कोरडा. पण काठाच्या भरावावरून कॅनॉलचा रस्ता जातो. तो पाटबंधारे खात्याने पाहणीसाठी ठेवलेला आहे, मालकी सरकारची आहे आणि कालव्याला चढउतार चालत नसल्याने हा रस्ताही जवळपास सपाट आहे. सायकलस्वाराला याहून अधिक काय हवे? उणीव आहे ती मुरमाची, सावलीची आणि वेड्या बाभळीच्या तोडणीची. काट्याने पंक्चर होणारा मार्ग कितीही निसर्गरम्य असला, तरी त्यावर दुसऱ्यांदा कोणी येत नाही.

मनमाड-नांदेड लोहमार्गावरची जालना, रांजणी, परतूर ही स्थानके या पट्ट्याच्या उत्तरेला आहेत. एका स्थानकावर उतरावे, सायकलने दक्षिणेला कालवा आणि मग नदी गाठावी, काठाने पूर्वेला जावे आणि परतूरला पुन्हा गाडी धरावी, असा दोन-तीन दिवसांचा फेरा सहज बसतो. ल्वारच्या काठाने धावणाऱ्या गाड्यांत उन्हाळ्यात सायकलींसाठी वेगळी जागा असते. इथला हंगाम उलटा: दरवाजे टाकल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, माघापर्यंत. याच काळात बंधारे भरलेले असतात, ऊस तोडणीला आलेला असतो आणि ऊन सोसवते. मात्र त्याच काळात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्ते व्यापतात. म्हणून महामार्ग आणि कारखान्यांचे रस्ते टाळणारी स्वतंत्र वाट हवी.

वाळूचा अडसर

नदीकाठच्या वाटेला सगळ्यात मोठा धोका वाळूउपशाचा आहे. गोदावरीच्या या पट्ट्यात आज नियमित दिसणारे तरंगते वाहन म्हणजे वाळू काढणाऱ्यांचा तराफा, आणि महसूल व पोलिसांची पथके तो पकडून पेटवून देतात. ट्रॅक्टरला केनी जोडून पात्र खरवडले जाते आणि हायवा रात्रीत माल उचलतात. २०२३ च्या धोरणाने सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देऊन पाहिले, २०२५ च्या धोरणाने पुन्हा लिलावाकडे वळण घेतले. दर बदलले, ठेकेदार बदलले, पात्र खोल जात राहिले. हायवांनी पाडलेल्या चाकोऱ्यांवर सायकल चालत नाही आणि ढासळलेल्या काठावर वाटही टिकत नाही. तूरचा पूल कशाने पडला हे माहीत असताना शहागडचा पूल आणि बंधाऱ्यांचे पाये यांच्याकडे दुर्लक्ष करणे हा शुद्ध बेफिकीरपणा आहे.

कायदा कमी पडतो हेही खरे. आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा आखतात, त्यांच्या आत बांधकामावर बंधने येतात. पण काठावरून लोकांना चालण्याचा हक्क त्या रेषा देत नाहीत. नदीपर्यंत जाणारे पाणंद रस्ते गावनकाशावर असतात, शेतात नसतात. ते खुले करण्यासाठी योजना आहेत, निधीही येतो. गरज आहे ती या पाणंदी काठाच्या एका सलग पट्ट्याला जोडण्याची. नदीच्या कडेने चालत जाणे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. नर्मदा परिक्रमेला दरवर्षी इथली माणसे निघतात, आणि जगन्नाथ कुंटे यांच्या पुस्तकानंतर तर तरुणही निघू लागले. ती परिक्रमा बोटीने होत नाही. काठावर वाट आणि मुक्कामाला ओसरी असली की भागते.

म्हणून जिल्हा प्रशासनाने आणि पाटबंधारे खात्याने जलपर्यटनाचे आराखडे मागवण्याआधी तीन कामे करावीत. डाव्या कालव्याचा जिल्ह्यातला रस्ता सायकलयोग्य करून त्याची जबाबदारी एकाच कार्यालयावर टाकावी. शहागड ते लोणीसावंगी या काठावर आठ मीटर रुंदीची वाट मोजून, दगड रोवून, अभिलेखात नोंदवून घ्यावी. आणि त्या पट्ट्यातला वाळूउपसा पूर्ण थांबवावा. पहिल्या दोन्ही कामांना धरण लागत नाही, जेटी लागत नाही, परदेशी सल्लागारही लागत नाही. तिसऱ्याला फक्त इच्छा लागते, आणि ती आहे की नाही हे येत्या हंगामात दरवाजे टाकल्यावर दिसेलच.